रस्त्यावरची शर्यत आणि वीतभर अंतरावरची भिंत

शहरातल्या रोजच्या रस्त्यांवर होणाऱ्या मोटार शर्यतींबद्दल, मुख्यतः फॉर्म्युला वनबद्दल, या वेळी बरीच पत्रं आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : २०२४ ची मोनॅको ग्रांप्री पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. ७८ फेऱ्या झाल्या, पण पहिले दहा जण ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने पोचले. याला शर्यत का म्हणायचं? (एक वाचक, सांगली)

उत्तर : तुमचा वैताग समजू शकतो. त्या दिवशी नियमानेही हातभार लावला. पहिल्याच फेरीत पेरेझ आणि हास संघाच्या दोन्ही गाड्यांचा मोठा अपघात झाला आणि लाल झेंडा दाखवून शर्यत थांबवली गेली. कोरड्या शर्यतीत किमान दोन प्रकारचे टायर वापरायची सक्ती असते. ती सगळ्यांनी गाड्या उभ्या असतानाच उरकून घेतली. मग पिटमध्ये, म्हणजे टायर बदलायच्या थांब्यावर, जायचं कारणच राहिलं नाही. पुढचा मुद्दाम सावकाश चालवत होता आणि मागच्याला त्याच्या मागे राहण्यावाचून इलाज नव्हता.

इलाज का नसतो, ते पाहू. मोनॅकोची फेरी ३.३३७ किलोमीटरची, वळणं १९, आणि सरळ म्हणावा असा रस्ता नाहीच. सुरुवातीच्या रेषेजवळचा रस्तासुद्धा उजवीकडे कलत जातो. पुढे जायचं तर मागच्याने जास्त उशिरा ब्रेक दाबायला हवा, आणि त्यासाठी ब्रेक लावण्याचं अंतर लांब हवं. बोगद्यातून बाहेर पडताना गाडी ताशी २९० किलोमीटरच्या आसपास असते. तिथून शिकेनपर्यंत, म्हणजे लागोपाठच्या उलटसुलट वळणांपर्यंत, तिचा वेग नव्वदीवर येतो तो शंभर-सव्वाशे मीटरमध्ये, दोन सेकंदांच्या थोडं वर. एवढ्याशा वेळात पाच मीटरहून लांब गाडी दुसरीच्या बरोबरीला आणायची कशी? लोक गाड्यांच्या रुंदीला दोष देतात, पण तीस वर्षांपूर्वीच्या गाड्याही दोन मीटर रुंद होत्या. वाढली आहे ती लांबी आणि ब्रेकची ताकद.

२०१८ मध्ये डॅनियल रिकार्डोच्या गाडीतली विजेवर चालणारी मोटर शर्यतीच्या मध्याआधीच बंद पडली. जवळजवळ १६० अश्वशक्ती गेली, आठपैकी सहाच गिअर वापरता येत होते, तरीही तो पहिल्या नंबरावर राहून जिंकला. इतर बहुतेक सर्किटवर अशी गाडी दोन फेऱ्यांत मागे पडली असती. २०२५ मध्ये इथे टायरचे तीन संच, म्हणजे दोन वेळा पिट, सक्तीचे केले. त्याचं काय झालं? रेसिंग बुल्सच्या लॉसनने मागचा सगळा जथा रोखून धरला आणि तेवढ्यात त्याच्या साथीदाराने, हाजारने, जागा न गमावता टायर बदलले. विल्यम्स संघानेही हीच युक्ती केली. नियम पाळला गेला, ओव्हरटेकिंग वाढलं नाही.

तरीही मोनॅको कॅलेंडरवरून काढू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. फक्त ती रविवारी बघू नका, शनिवारी बघा. क्वालिफाइंगची, म्हणजे सुरुवातीचा क्रम ठरवणाऱ्या चाचणीची, एक फेरी साधारण ७०-७२ सेकंदांची. त्यात स्विमिंग पूलपाशी गाडीचं पुढचं चाक आतल्या कठड्याला किती घासून जातं, तेवढंच बघत राहा. पहिल्या प्रयत्नात वीतभर अंतर असतं, शेवटच्या प्रयत्नात टायरवरची अक्षरं कठड्याला पुसली जातात. बाहेरच्या बाजूला डांबरी मोकळी जागा असलेल्या सर्किटवर अशी चूक दोन-तीन दशांश सेकंदांना पडते. इथे गाडी जाते. २०२१ मध्ये मोनॅकोचाच शार्ल लक्लेर इथेच, पोलची (पहिल्या जागेची) वेळ लावल्यानंतरच्या फेरीत, आतल्या कठड्याला चाक लागून समोरच्या भिंतीवर गेला. पोल त्याच्याकडेच राहिली. गिअरबॉक्स तपासून ठीक असल्याचं ठरलं. रविवारी ग्रिडकडे (सुरुवातीच्या रांगेकडे) जाताना डाव्या बाजूचा ड्राइव्हशाफ्टचा भाग निकामी झाला आणि घरच्या शर्यतीत तो सुरुवातीच्या रेषेवरही उभा राहू शकला नाही.

प्रश्न : गाडी वरून गेल्याने रस्त्यातलं लोखंडी झाकण उडतं, हे पटत नाही. आमच्याकडे भरलेले ट्रक वरून जातात, झाकण जागचं हलत नाही. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ट्रक झाकणाला खाली दाबतो. शर्यतीची गाडी त्याला वर ओढते, फरक इथेच आहे.

गाडीचा तळ रस्त्यापासून काही सेंटिमीटर वर असतो. तळाखालून हवा वेगाने पळते, तिथला दाब घटतो आणि गाडी रस्त्याला चिकटते. झाकणाखालच्या खड्ड्यात मात्र हवेचा नेहमीचाच दाब असतो. म्हणजे झाकणाच्या वर कमी दाब, खाली जास्त. ढोबळ हिशेब करू. ताशी ३०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ८३ मीटर. या वेगाच्या हवेचा गतिज दाब चौरस मीटरला सुमारे ४,२०० न्यूटन येतो. तळाखालचा दाब याच्या दुपटीने घटला असं धरा. ६० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचं क्षेत्रफळ ०.२८ चौरस मीटर. म्हणजे वरची ओढ २४० किलो वजनाइतकी झाली. बिडाचं झाकण पन्नास ते शंभर किलोचं असतं. ओढ टिकते सेकंदाच्या शंभर भागांपैकी चारच भाग, म्हणून पहिल्या गाडीने काही होत नाही. पण वीस गाड्या आणि पन्नास फेऱ्या म्हणजे एका शर्यतीत हजार हिसके. त्यात गाडीचा तळ रस्त्याला आपटत असेल तर वरून हातोडाही बसतो.

लास वेगासला २०२३ मध्ये जे झालं ते नीट समजून घ्यायला हवं. पहिला सराव जेमतेम आठ मिनिटं चालला. कार्लोस साइंझची फेरारी पाण्याच्या व्हॉल्व्हच्या झाकणावरून गेली आणि तळ फाटून चासी, इंजिन, बॅटरी सगळ्यांना इजा झाली. झाकण नुसतं सुटलं नव्हतं. त्याच्या चौकटीभोवतीचं काँक्रीट फुटलं होतं. म्हणून ‘झाकणं वेल्ड करून टाका’ हा सल्ला अर्धाच कामाचा आहे. वेल्डिंगने झाकण चौकटीला जोडलं जातं. चौकटच काँक्रीटमधून निघाली, तर झाकणासकट ती वर येते. शिवाय बीड हे वेल्डिंगला अवघड लोखंड. आधी नीट तापवलं नाही तर जोडाच्या शेजारीच तडा जातो आणि तो वरून दिसत नाही.

काम कसं करायचं? सर्वांत आधी पाणी, मलनिस्सारण, गॅस, वीज, टेलिफोन अशा प्रत्येक खात्याकडून झाकणांची यादी घ्यायची आणि रस्त्यावर चालत जाऊन ती पडताळायची, कारण डांबराखाली गाडलेली झाकणं यादीत असतातच असं नाही. गाड्या जिथून जाणार त्या रेषेत आणि तिच्या आजूबाजूला येणारी झाकणं काढून, चौकट खाली घेऊन, वर पोलादी प्लेट टाकून डांबराने बुजवलेली बरी. शर्यत झाल्यावर पुन्हा उघडायची. जी आणीबाणीसाठी उघडी ठेवावीच लागतात ती बोल्टने आवळायची आणि काँक्रीटचा कडा नव्याने भरून त्याला पुरेसे दिवस द्यायचे. प्रत्येक सत्रानंतर हातोडीने ठोकून आवाज ऐकायचा. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ आला तर गाड्या सोडायच्या नाहीत. वेगासला हे ऐन वेळी करावं लागलं. दुसरा सराव पहाटे अडीचला सुरू झाला आणि पैसे भरून आलेल्या प्रेक्षकांना त्याआधीच बाहेर काढलं होतं. साइंझला बॅटरी बदलल्याबद्दल सुरुवातीच्या क्रमात दहा जागा मागे जाण्याची शिक्षा झाली. त्याची काडीचीही चूक नव्हती, पंचांनीही ते मान्य केलं, पण नियमात सवलतीची तरतूद नव्हती. आमच्या मते हा अन्याय होता.

असे प्रकार आधीही झालेत. मोनॅकोला २०१६ मध्ये सुटलेलं झाकण जेन्सन बटनच्या गाडीला लागलं. अझरबैजानमधल्या बाकूला २०१९ मध्ये जॉर्ज रसेलच्या विल्यम्सचा तळ फाटला, आणि ती गाडी परत नेणाऱ्या ट्रकची क्रेन वाटेत पुलाला धडकून क्रेनमधलं तेल गाडीवर सांडलं. आणि हो, दोष फक्त शहरांचा नाही. मलेशियाच्या सेपांग या कायमस्वरूपी सर्किटवरही २०१७ मध्ये गटाराच्या झाकणाने ग्रोजाँचा टायर फाडला होता.

प्रश्न : मोनॅको आणि बाकू दोन्ही रस्त्यांवरच. मग गाडीची जुळणी सारखीच ठेवतात का? (एक विद्यार्थिनी, ठाणे)

उत्तर : अजिबात नाही. मोनॅकोला मागचं पंख मोठ्यात मोठं लावतात, कारण हवेचा विरोध वाढून वेग घटला तरी तिथे काही बिघडत नाही. हॉटेलसमोरच्या यू-वळणावर वेग ताशी पन्नासच्या खाली जातो, त्यासाठी पुढची चाकं नेहमीपेक्षा जास्त वळतील असे सस्पेन्शनचे वेगळे भाग बनवावे लागतात. गाडी थोडी उंच आणि स्प्रिंग मऊ ठेवतात, नाहीतर फुटपाथलगतच्या कर्बवर ती उडते. वेग कमी म्हणून ब्रेकला वाराही कमी मिळतो. हवेच्या वाटा मोठ्या ठेवाव्या लागतात.

बाकूत पेच वेगळा आहे. सहा किलोमीटरच्या फेरीत एक पट्टा २.२ किलोमीटर पूर्ण थ्रॉटलचा, आणि जुन्या किल्ल्याच्या भिंतीपाशी रस्ता ७.६ मीटर रुंद. पंख लहान लावलं तर किल्ल्यापाशी गाडी घसरते, मोठं लावलं तर सरळ पट्ट्यावर मागचे निघून जातात. बहुतेक जण लहान पंख घेऊन किल्ल्यापाशी जीव मुठीत धरतात. दुसरा धोका थंड ब्रेकचा. लांब पट्ट्यावर कार्बनच्या चकत्या आणि पुढचे टायर थंडावतात आणि पहिल्या वळणावर चाकं जाम होतात. २०२१ मध्ये तिथे शर्यत पुन्हा सुरू होताना लुइस हॅमिल्टनकडून स्टिअरिंगवरचं एक बटन चुकून दाबलं गेलं. ब्रेक गरम करण्यासाठी सगळा जोर पुढच्या चाकांवर टाकणारं ते बटन. गाडी सरळ निघून गेली आणि हातातले गुण गेले.

रस्त्यावरच्या सर्किटमध्ये सौदी अरेबियातल्या जेद्दाचंही नाव घेतात, पण ते सर्किट समुद्रकिनाऱ्यालगत २०२१ मध्ये शर्यतीसाठीच बांधलेलं आहे. सरासरी वेग ताशी २५० च्या घरात, दोन्ही बाजूंना भिंत, आणि वळणापलीकडचं दिसत नाही. भिंत हवी, पण ती वेग कमी असलेल्या ठिकाणी. २०२२ च्या क्वालिफाइंगमध्ये मिक शुमाखरचा तिथे झालेला अपघात पाहिला असेल तर आमचा आक्षेप लक्षात येईल. त्यानंतर काही वळणांवर भिंती मागे सरकवून नजर पोचेल अशी सोय केली, ते योग्यच झालं.

प्रश्न : सिंगापूरला सेफ्टी कार हमखास येते, असं का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : २००८ ते २०२३ पर्यंतच्या तिथल्या प्रत्येक शर्यतीत ही गाडी, जिच्यामागे सगळ्यांना सावकाश जावं लागतं, आली होती, २०२४ ला पहिल्यांदा आली नाही. कारण साधं आहे. बंद पडलेली गाडी ढकलून न्यायला बाजूला जागा नाही. भिंतीत ठराविक अंतरावरच फटी ठेवलेल्या असतात आणि क्रेनचा हात पोचेल तिथूनच गाडी उचलता येते. तोवर रस्त्यावर माणसं उभी असतात, त्यामुळे वेग उतरवणं भाग पडतं. ही गोष्ट किती पक्की आहे, हे २००८ च्या प्रकरणातून दिसलं. रेनॉ संघाने पिके ज्युनियरला मुद्दाम भिंतीवर आदळायला लावलं तेव्हा जागा निवडली ती क्रेन नसलेली. त्यांचा दुसरा गडी, अलोन्सो, त्याआधीच पिटमध्ये जाऊन आला होता, तो जिंकला.

संघांचं गणित यावरच बसलेलं असतं. सेफ्टी कारमागे सगळे सावकाश जात असताना पिटमध्ये गेलं की एरवीपेक्षा बराच कमी वेळ जातो. म्हणून पुढे असलेला पिटमध्ये जायला शक्य तितका उशीर करतो.

प्रश्न : आमच्या नागपुरात रुंद रस्ते आहेत. इथे अशी शर्यत घेता येईल का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : भारतात हे होऊन गेलं आहे. हैदराबादला हुसेनसागरच्या काठी ११ फेब्रुवारी २०२३ ला विजेच्या गाड्यांची फॉर्म्युला ई शर्यत झाली. सर्किट २.८ किलोमीटरचं, वळणं १८, जिंकला जाँ-एरिक व्हर्न. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राज्यात सरकार बदललं आणि २०२४ ची शर्यत रद्द झाली. चेन्नईला आयलंड ग्राउंड्सभोवती साडेतीन किलोमीटरच्या रस्त्यावर ऑगस्टअखेर ते १ सप्टेंबर २०२४ दरम्यान फॉर्म्युला फोरच्या रात्रीच्या शर्यती झाल्या. त्या मुळात डिसेंबर २०२३ मध्ये व्हायच्या होत्या, पण मिचाँग वादळाच्या पुराने पुढे गेल्या. प्रकरण उच्च न्यायालयातही गेलं. शेवटी झाल्या तेव्हाही पावसाने पहिल्या दिवसाचं वेळापत्रक विस्कटलं. पावसाळा धरून तारीख ठरवू नका, हा पहिला धडा.

आता कामाचा आवाका बघा. तीन किलोमीटरचं सर्किट, दोन्ही बाजूंना भिंत, म्हणजे सहा किलोमीटर. काँक्रीटचा ठोकळा चार मीटरचा धरला तर दीड हजार ठोकळे लागतात. एकेक चार टनांच्या आसपास, म्हणजे सहा हजार टन माल. एका ट्रकवर सहा ठोकळे धरले तर आणायलाच अडीचशे खेपा, न्यायला तेवढ्याच. वर जाळी, भिंतीसकट साडेतीन मीटर उंच. ठोकळे एकमेकांना साखळीने किंवा पट्ट्यांनी बांधलेले हवेत. सुटा ठोकळा धडकेत फिरतो आणि त्याची कड गाडीच्या नाकासमोर येते. वळणांच्या तोंडाशी टायरचे ढीग किंवा प्लॅस्टिकचे आघात शोषणारे अडसर. मोनॅकोत तीसेक किलोमीटर लोखंडी कठडे बसतात आणि उभारणीला सुमारे सहा आठवडे लागतात, तेही दरवर्षी तेच भाग त्याच जागी नंबर पाहून बसवून.

रस्ता रुंद असणं पुरेसं नाही. दुभाजक, गतिरोधक, मेट्रोचे खांब काढायचे की वळसा घालायचा, हे आधी ठरवा. गतिरोधक खरवडून काढला तरी खाली उंचवटा राहतो. दोन्ही बाजूंना वीस-तीस मीटर डांबर नव्याने घालावं लागतं. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून रस्ता मधोमध फुगवलेला असतो. गाडी एका बाजूकडून दुसरीकडे जाताना त्या कण्यावर तळ आपटते. आणि नवं डांबर शर्यतीच्या आदल्या आठवड्यात नको. त्यातली तेलं वर येऊन ते निसरडं राहतं, शिवाय घट्ट बसलेलं नसतं. डेट्रॉइटच्या बेल आइलवर २०१२ मध्ये इंडीकार या अमेरिकी मालिकेच्या गाड्यांनी ठिगळं उखडली, शर्यत दोन तास थांबली आणि ९० फेऱ्यांऐवजी ६० वर आटोपली. डॅलसला १९८४ मध्ये जुलैच्या उन्हात रस्ता अक्षरशः फुटला. फॉर्म्युला वन तिथे पुन्हा गेली नाही. नागपूरच्या उन्हाची आठवण आम्ही तुम्हाला द्यायला नको.

मग सुरक्षेचा भाग. सर्किट कोणत्या दर्जाचं हे आंतरराष्ट्रीय महासंघ ठरवतो, धावणाऱ्या गाडीची ताकद आणि वजन पाहून. शर्यतीच्या रस्त्याने वेढलेल्या घरांतली माणसं आजारी पडली तर रुग्णवाहिका आत कशी जाणार, याचं उत्तर कागदावर नव्हे, रस्त्यावर करून दाखवता आलं पाहिजे. एखादं रुग्णालय किंवा वस्ती वेढ्यात येत असेल तर तो मार्ग सोडून द्या. कार्यालयांचा भाग, प्रदर्शनाचं मैदान, सुट्टीला रिकामा पडणारा परिसर हे बरे. पहिल्या वर्षी कार्टिंग किंवा कमी ताकदीच्या गाड्यांनी सुरुवात केलेली आम्हाला जास्त पटते.

प्रश्न : मुलगा सिंगापूरला असतो. यंदा आम्ही दोघं आणि दहा वर्षांची नात शर्यतीला जाणार आहोत. कोणती तिकिटं घ्यावीत? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : रस्त्यावरच्या सर्किटवर टेकडीवरून अर्धी फेरी दिसावी अशी जागाच नसते. तुम्हाला एक वळण आणि जाळी दिसणार, बाकी पडद्यावर. म्हणून समोर मोठा पडदा असलेली, वरच्या ओळींतली स्टँडची जागा घ्या. खालच्या ओळींतून जाळीच जास्त दिसते. फिरतं तिकीट तरुणांना ठीक आहे; तुमच्यासोबत मूल आहे आणि तिथे बसायची हमी नाही, तेव्हा ते टाळा. तिकिटावर कोणते झोन खुले आहेत ते आधी वाचा. पाडांग मैदानावरचा संगीताचा रंगमंच झोन ४ मध्ये येतो, पिट आणि पहिलं वळण झोन १ मध्ये.

शर्यत स्थानिक वेळेनुसार रात्री आठला सुरू होते, पण दमट उकाडा रात्रीही उतरत नाही. ड्रायव्हरचं वजन एका शर्यतीत दोन-तीन किलो घटतं. २०२५ ला तिथे अधिकृतपणे ‘उष्णतेचा धोका’ जाहीर करून गाड्यांत थंडाव्याची यंत्रणा बसवायला लावली होती. सुती कपडे, ओआरएसची पाकिटं आणि चालायचे बूट घ्या. एका दरवाजापासून दुसऱ्यापर्यंत वळसा घालून बरंच चालावं लागतं. पावसाची शक्यता कायम असते, पण स्टँडमध्ये छत्री उघडली तर मागच्यांना काही दिसत नाही, रेनकोट ठेवा.

तिन्ही दिवस झेपणार नसतील तर शुक्रवार सोडा, शनिवारचं क्वालिफाइंग सोडू नका. नातीसाठी कान पूर्ण झाकणारे हेडफोनसारखे इअरमफ इथूनच घेऊन जा आणि घरी दोन-तीनदा तासभर घालायची सवय करा. नवीन मुलं ते दहा मिनिटांत काढून टाकतात, आणि भिंतीभिंतींत घुमणारा आवाज मोकळ्या मैदानापेक्षा जास्त लागतो.